धर्मपीठ ते राष्ट्राध्यक्षपद : खातमींच्या कारकिर्दीचा धडा

२६ जानेवारी २००३ची सकाळ. राजापुरातल्या शाळांची ध्वजवंदने आटोपली होती, प्रभातफेऱ्या पांगल्या होत्या आणि घरोघरी दूरदर्शनवर दिल्लीचे संचलन सुरू झाले होते. राजपथावरील मंचावर राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम आणि पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या समवेत प्रमुख पाहुणे म्हणून जे गृहस्थ बसले होते, त्यांच्या मस्तकी काळा फेटा होता, अंगावर पायघोळ झगा होता आणि चेहऱ्यावर प्रसन्न हास्य. आमच्या ओटीवर जमलेल्यांपैकी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, "हे मौलवी कोण? त्यांचे राष्ट्राध्यक्ष आले नाहीत का?" हेच इराणचे राष्ट्राध्यक्ष मोहम्मद खातमी, असे सांगितल्यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मग तिकडे राज्य कुणाचे? धर्मगुरूंचे, की लोकांचे?"

त्या दिवशी या प्रश्नाचे उत्तर कुणालाच नीट देता आले नाही. त्यानंतरच्या दोन दशकांत इराणमध्ये जे घडले, ते पाहता हा साधा प्रश्न किती नेमका होता हे ध्यानात येते. खातमी हे व्यक्तिशः सज्जन, विद्वान आणि दोनदा प्रचंड बहुमताने निवडून आलेले. तरीही आठ वर्षांनी पदावरून उतरताना त्यांच्या हाती काय उरले होते? आणि जे उरले नाही, ते कुणाच्या हातात होते? आपण लोकशाहीत राहणाऱ्यांनी हा धडा परक्याची कथा म्हणून वाचून चालणार नाही.

इराण आपल्याला परका नाही

राजापूरकरांना तर इराण मुळीच परका नसावा. आज अर्जुना नदीच्या गाळाने भरलेल्या पात्राकडे पाहून विश्वास बसणार नाही, पण सतराव्या शतकात हे कोकणातले नामांकित बंदर होते. आदिलशाहीच्या काळात येथून मिरी आणि कापड तांबड्या समुद्राकडे व इराणच्या आखाताकडे जात असे. त्याच व्यापाराच्या लोभाने इंग्रजांनी येथे वखार घातली. १६६०मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरच्या मदतीला येथलेच इंग्रज तोफा घेऊन गेले आणि १६६१मध्ये शिवाजी महाराजांनी राजापुरावर चाल करून त्या वखारवाल्यांना बंदिवान केले, हा इतिहास कोकणातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. ज्या आदिलशाहीचे हे बंदर होते, तिचा संस्थापक युसुफ आदिलशहा याने सोळाव्या शतकाच्या प्रारंभी शिया पंथाचा खुतबा वाचविला, तो इराणच्या प्रभावातूनच. आपल्या दफ्तरी भाषेवर फारसीचा एवढा पगडा होता की, तो दूर करण्यासाठी महाराजांना 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध करवून घ्यावा लागला.

दुसरा धागा अधिक जिव्हाळ्याचा आहे. इस्लामी आक्रमणानंतर आपला अग्नी आणि आपला धर्म जपण्यासाठी पारशी बांधव भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आले आणि दुधात साखर विरघळावी तसे येथे मिसळून गेले. पुढे एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत याझ्द आणि केरमान भागांतून आणखी जरथुश्त्री मुंबईत आले. मुंबईच्या नाक्यानाक्यावरची 'इराणी' हॉटेले त्यांनीच उभारली. गिरणीत कामाला गेलेल्या कितीतरी चाकरमान्यांनी परमुलखातला पहिला चहा आणि ब्रुन मस्का तेथेच खाल्ला असेल. खातमींचा जन्म झाला तो याच याझ्द प्रांतातल्या अर्दकान या गावी. जरथुश्त्री लोकांचे चकचक हे पवित्र यात्रास्थानही याच गावाच्या परिसरात आहे. ज्या भूमीतून लोक धर्म टिकवण्यासाठी बाहेर पडले, त्याच भूमीतून एक धर्मगुरू 'संस्कृतींमधील संवाद' ही कल्पना घेऊन जगापुढे आला, हा योगायोग विलक्षण म्हणावा लागेल.

मदरशातून ग्रंथालयात, ग्रंथालयातून सत्तेत

१९४३ साली जन्मलेले खातमी हे एका प्रतिष्ठित धर्मगुरूंचे चिरंजीव. वडील आयातुल्ला रुहोल्ला खातमी यांना त्या भागात मोठा मान होता. घराणे पैगंबरांच्या वंशाचे मानले जाणारे, म्हणून डोक्यावर काळा फेटा. शिया धर्मविद्येचे केंद्र असलेल्या कोम येथे त्यांनी धर्मशास्त्राचे अध्ययन केले, परंतु तेवढ्यावर न थांबता इस्फहानच्या विद्यापीठातून पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाची पदवी घेतली. शहाच्या काळात सक्तीची लष्करी सेवाही बजावली. क्रांतीच्या ऐन धामधुमीत, १९७८ ते १९८० या काळात, ते जर्मनीतील हॅम्बुर्गच्या इस्लामी केंद्राचे प्रमुख होते. फारसी, अरबी, इंग्रजी व जर्मन भाषांचा त्यांना परिचय होता. मदरशाची चौकट आणि युरोपचा ग्रंथसंग्रह, अशा दोन जगांत त्यांचे मन घडले.

मायदेशी परतल्यावर ते पहिल्या मजलिसमध्ये, म्हणजे संसदेत, निवडून गेले. १९८२मध्ये सांस्कृतिक व इस्लामी मार्गदर्शन खात्याचे मंत्री झाले. हे खाते म्हणजे पुस्तके, वृत्तपत्रे आणि चित्रपटांवर देखरेख ठेवणारे. युद्धाच्या काळात त्यांनी सरकारी प्रचाराचेही काम केले, हे विसरता येणार नाही. परंतु हळूहळू त्यांनी लेखकांना आणि चित्रपटकारांना थोडी मोकळीक दिली. कर्मठांना ते रुचले नाही. दबाव वाढला आणि १९९२मध्ये खातमींनी राजीनामा दिला. त्यानंतर पाच वर्षे ते राष्ट्रीय ग्रंथालयाचे प्रमुख होते. सत्तेच्या राजकारणातला माणूस ग्रंथालयात जाऊन बसला म्हणजे लोक त्याचे राजकारण संपले असे समजतात. खातमींच्या बाबतीत नेमके उलटे घडले.

१९९७च्या अध्यक्षीय निवडणुकीसाठी दोनशेहून अधिक जणांनी अर्ज भरले होते. त्यांपैकी चौघांनाच उभे राहण्याची परवानगी मिळाली. ती देणारी संस्था म्हणजे पालक मंडळ. तिचे पुढे बोलूच. मजलिसचे सभापती नातेक नूरी हे सत्ताधारी वर्तुळाचे उमेदवार, आणि तेच निवडून येणार असे सर्वांनी गृहीत धरले होते. खातमी बसने देशभर हिंडले. कायद्याचे राज्य, नागरी समाज, तरुणांना आणि महिलांना स्थान, हे त्यांच्या भाषणांचे विषय. २३ मे १९९७ रोजी सुमारे ८० टक्के मतदान झाले आणि खातमींना दोन कोटींच्या आसपास, म्हणजे जवळपास ७० टक्के, मते मिळाली. क्रांतीनंतर जन्मलेल्या पिढीने क्रांतीच्या रखवालदारांना मतपेटीतून दिलेले ते उत्तर होते.

दोन किल्ल्यांचे कुलूप

येथे इराणची राज्यघटना समजून घेतली पाहिजे, कारण खातमींच्या यशापयशाचे रहस्य तिच्यात दडले आहे. १९७०मध्ये इराकमधील नजफ येथे निर्वासित असताना आयातुल्ला खोमेनींनी 'विलायत-ए-फकीह', म्हणजे धर्मवेत्त्याचे पालकत्व, हा सिद्धान्त व्याख्यानांतून मांडला. लोक अजाण पाल्य आणि धर्मवेत्ता त्यांचा पालक, असा त्याचा आशय. १९७९च्या क्रांतीनंतर हाच सिद्धान्त घटनेत आला. लोकांनी निवडलेले राष्ट्राध्यक्ष आणि संसद एका बाजूला, तर त्यांच्या माथ्यावर सर्वोच्च नेता. सेनादले, न्यायसंस्थेचे प्रमुख, आकाशवाणी व दूरचित्रवाणी ही सर्व सूत्रे नेत्याच्या हाती. बारा जणांच्या पालक मंडळातील सहा धर्मशास्त्री नेताच नेमतो. उरलेले सहा कायदेपंडित न्यायसंस्थाप्रमुख सुचवतो आणि संसद निवडते, पण तो न्यायसंस्थाप्रमुखही नेत्याचाच नियुक्त. संसदेचा प्रत्येक कायदा आणि राष्ट्रीय निवडणुकीतला प्रत्येक उमेदवार या मंडळाच्या चाळणीतून जातो.

दोन किल्ल्यांनी उघडणारी तिजोरी आपण पतपेढीत पाहतो. एक किल्ली ग्राहकाकडे, दुसरी व्यवस्थापकाकडे. इराणच्या मतदाराच्या हाती एक किल्ली आहे, पण दुसरी नसेल तर तिजोरी उघडत नाही.

गंमत म्हणजे स्वतः खोमेनींनी १९८०च्या पहिल्या अध्यक्षीय निवडणुकीत धर्मगुरूंनी उभे राहू नये असा आग्रह धरला होता. त्यामुळे बनी सद्र हे धर्मगुरू नसलेले गृहस्थ पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. जून १९८१मध्ये त्यांना पदच्युत करण्यात आले. त्यांच्यानंतरचे रजाई यांची ३० ऑगस्ट १९८१ रोजी स्फोटात हत्या झाली. मग मात्र धर्मगुरूंना कुंपणाबाहेर ठेवण्याचे कारण उरले नाही. ऑक्टोबर १९८१मध्ये अली खामेनेई राष्ट्राध्यक्ष झाले. इराणचे ते पहिले धर्मगुरू राष्ट्राध्यक्ष. पुढे रफसंजानी, खातमी, रूहानी आणि रईसी असे आणखी चौघे त्या पदावर बसले.

आणखी एक गोष्ट सर्वांत बोलकी आहे. खोमेनींचे घोषित उत्तराधिकारी होते आयातुल्ला मोंतझेरी. विद्वत्तेने ज्येष्ठ. १९८८मध्ये तुरुंगात झालेल्या सामूहिक फाशींना त्यांनी आक्षेप घेतला आणि मार्च १९८९मध्ये त्यांचे उत्तराधिकारीपद काढून घेण्यात आले. खोमेनींच्या निधनानंतर नेतेपद खामेनेईंकडे आले, तेव्हा धर्मविद्येत त्यांचे स्थान तेवढे वरचे नव्हते. म्हणून घटनादुरुस्ती करून नेत्याच्या धार्मिक अधिकाराची अटच शिथिल करण्यात आली. धर्माने राजकारण शुद्ध करावे, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात राजकारणाने धर्माचे निकष वाकवले. धर्मसत्ता आणि राजसत्ता एकाच मुठीत गेली की, पहिला बळी धर्माचाच जातो, याचे याहून स्पष्ट उदाहरण कोणते?

वसंत आणि पानगळ

खातमींच्या पहिल्या दोन वर्षांत तेहरानमध्ये नव्या वृत्तपत्रांचा वसंत फुलला. १९९९च्या फेब्रुवारीत क्रांतीनंतर प्रथमच स्थानिक परिषदांच्या निवडणुका झाल्या. मासुमेह एब्तेकार या महिलेला उपराष्ट्राध्यक्षपद मिळाले. खातमींनी मांडलेल्या 'संस्कृतींमधील संवाद' या कल्पनेला प्रतिसाद म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २००१ हे वर्ष त्याच नावाने जाहीर केले. सप्टेंबर १९९८मध्ये सलमान रश्दी यांच्याविरुद्धच्या १९८९च्या फतव्यापासून खातमींच्या सरकारने स्वतःला दूर केले. परंतु येथेच दुसऱ्या किल्लीचे दर्शन घडले. फतवा मागे घेता येत नाही, असे कर्मठ गोटातून लगेच बजावण्यात आले. ऑगस्ट २०२२मध्ये न्यूयॉर्क राज्यात रश्दींवर भर सभेत सुरीहल्ला झाला, एक डोळा निकामी झाला. सरकारचा शब्द आणि राजसत्तेचा शब्द वेगळे असले की, जग कुणाच्या शब्दावर विसंबणार?

देशांतर्गत तर घाव अधिक खोल होते. १९९८च्या अखेरीस दारियुश फोरुहर व त्यांच्या पत्नी परवाने यांच्यासह अनेक विचारवंतांचे खून झाले. जानेवारी १९९९मध्ये गुप्तचर मंत्रालयाला कबूल करावे लागले की, त्यात त्यांचेच अधिकारी गुंतले होते. ही कबुली खातमींच्या आग्रहामुळे मिळाली, हे त्यांचे श्रेय. पण म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या मंत्रालयातले लोकच विचारवंतांना मारत होते! जुलै १९९९मध्ये 'सलाम' हे दैनिक बंद झाले, विद्यार्थ्यांनी निषेध केला आणि तेहरान विद्यापीठाच्या वसतिगृहावर रात्री हल्ला झाला. फेब्रुवारी २०००च्या संसदीय निवडणुकीत सुधारणावादी जिंकले. मार्चमध्ये त्यांचे प्रमुख रणनीतिकार सईद हज्जारियान यांच्यावर गोळी झाडण्यात आली आणि एप्रिलमध्ये न्यायसंस्थेने वृत्तपत्रे धडाधड बंद केली. ऑगस्टमध्ये नव्या संसदेने वृत्तपत्र कायदा सुधारायला घेतला, तो सर्वोच्च नेत्याचे एक पत्र आले आणि चर्चाच थांबली.

मतदारांनी तरीही हात सोडला नाही. जून २००१मध्ये खातमी ७७ टक्क्यांच्या आसपास मते घेऊन पुन्हा निवडून आले. दुसऱ्या कार्यकाळात त्यांनी राष्ट्राध्यक्षांचे अधिकार वाढवणारी आणि पालक मंडळाचा उमेदवार छाटण्याचा अधिकार मर्यादित करणारी दोन विधेयके आणली. संसदेने ती संमत केली, पालक मंडळाने फेटाळली. ज्याच्या हातातली कात्री काढायची, त्याच्याच सहीची गरज! २००४च्या संसदीय निवडणुकीत दोन हजारांहून अधिक उमेदवार अपात्र ठरवले गेले, त्यांत विद्यमान खासदारही होते. खातमींपुढे दोन मार्ग होते : राजीनामा देऊन लोकांसमोर जाणे किंवा निवडणूक घेणे. त्यांनी निवडणूक घेतली.

येथे त्यांच्या व्यक्तिमत्त्वाची मर्यादा दिसते. रक्तपात टळावा ही त्यांची तळमळ खरी होती, परंतु प्रत्येक वळणावर त्यांनी लोकांच्या बाजूने उभे राहण्याऐवजी व्यवस्थेचा तोल सांभाळला. क्रांतीनंतर स्त्री म्हणून न्यायाधीशपदावरून दूर केल्या गेलेल्या शिरीन एबादी यांना २००३मध्ये नोबेल शांतता पारितोषिक मिळाले, तेव्हा या संवादपुरुषाने त्या पारितोषिकाला फारसे महत्त्व नसल्याचे सांगितले. डिसेंबर २००४मध्ये तेहरान विद्यापीठात ज्या विद्यार्थ्यांच्या मतांवर ते निवडून आले होते, त्यांनीच त्यांच्या भाषणात निषेधाच्या घोषणा दिल्या. ऑगस्ट २००५मध्ये ते पायउतार झाले आणि महमूद अहमदीनेजाद आले. निराश मतदाराने घरी बसणे पसंत केले की, जागा कोण भरून काढतो, याचे ते उत्तर होते.

पुढील इतिहास त्याहून कडू आहे. २००९च्या वादग्रस्त निवडणुकीनंतरच्या हरित आंदोलनाला खातमींनी पाठिंबा दिला. २०१५मध्ये न्यायसंस्थेने प्रसारमाध्यमांना त्यांचे नाव किंवा छायाचित्र छापण्यास बंदी केली. दोनदा निवडून आलेल्या माजी राष्ट्राध्यक्षाची छबी आपल्याच देशात छापता येऊ नये! हे केवळ त्यांच्याच नशिबी आले असे नव्हे. २०१३मध्ये रफसंजानींचा अध्यक्षपदाचा अर्ज पालक मंडळाने नाकारला, २०१७मध्ये अहमदीनेजाद यांचा, तर जानेवारी २०२४मध्ये रूहानींना तज्ज्ञमंडळाच्या निवडणुकीतून वगळण्यात आले. जी चाळणी इतरांसाठी लावली होती, तीतून अखेर चाळणीचे धनीही गळले. १९८८च्या फाशी समितीत ज्यांचे नाव घेतले जाते, ते इब्राहिम रईसी मात्र २०२१मध्ये, मतदान ५० टक्क्यांच्याही खाली असताना, राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्याच कारकिर्दीत, सप्टेंबर २०२२मध्ये, डोक्यावरच्या वस्त्रावरून अटक झालेल्या महसा अमिनी या तरुणीचा कोठडीत असताना मृत्यू झाला आणि देश पेटला. १९ मे २०२४ रोजी रईसी हेलिकॉप्टर अपघातात मरण पावले. त्यांच्या जागी जुलैमध्ये निवडून आले ते मसूद पेझेश्कियान, हृदयशल्यविशारद आणि एकेकाळचे खातमींचे आरोग्यमंत्री. फेटा गेला, डॉक्टर आले. पण कुलूप तेच.

अटलजींचा पाहुणा आणि राजापूरचे खासदार

आता पुन्हा त्या २००३च्या मंचाकडे येऊ. खातमींना निमंत्रण देण्यात वाजपेयी सरकारची दूरदृष्टी होती. तालिबानने १९९८मध्ये मझार-ए-शरीफ येथे इराणी मुत्सद्द्यांची हत्या केली होती. अफगाणिस्तानात भारत आणि इराण दोघेही तालिबानविरोधी उत्तर आघाडीच्या पाठीशी होते. एप्रिल २००१मध्ये अटलजी तेहरानला गेले आणि २५ जानेवारी २००३ रोजी 'नवी दिल्ली घोषणापत्रा'वर दोघांच्या सह्या झाल्या. पाकिस्तानला वळसा घालून अफगाणिस्तान व मध्य आशियापर्यंत पोहोचण्याचा चाबहारचा मार्ग त्याच पर्वात आखला गेला. १३ मे २०२४ रोजी त्या बंदरासंबंधी झालेला दहा वर्षांचा करार हे त्याच बीजाचे फळ. राष्ट्रहिताच्या ठिकाणी समोरच्याच्या फेट्याचा रंग पाहायचा नसतो, हे अटलजींनी दाखवून दिले. आखात दूर नाही, हे राजापूरला वेगळे सांगायला नको. तालुक्यातल्या नाणार येथील प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी २०१८मध्ये सौदी अरेबियाच्या अराम्कोने करार केला होता, तेव्हा तो प्रकल्प हवा की नको यावर गावोगावी केवढे रण माजले!

परंतु त्या मंचावरील दोन नेत्यांतला खरा फरक वेगळाच होता. २६ जून १९७५ रोजी बंगळूरमध्ये अटलजी, लालकृष्ण अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र यांच्या बरोबर आणखी एक खासदार पकडले गेले. ते प्रा. मधु दंडवते, आपल्या राजापूर मतदारसंघाचे खासदार. बॅ. नाथ पै यांच्यानंतर १९७१पासून या मतदारसंघाने त्यांना सतत निवडून दिले होते. विचाराने ते समाजवादी, आपल्या परंपरेतले नव्हेत. अनेक प्रश्नांवर त्यांच्याशी कडाक्याचे मतभेद झाले. पण कारागृहाच्या भिंतीआड विचारांचे रंग पुसट झाले होते. देशभरात हजारो स्वयंसेवक 'मिसा'खाली बंदिवान होते. कोकणातही कितीतरी घरांत त्या काळात कर्ता पुरुष नव्हता. वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता. आणि मार्च १९७७मध्ये मतदान झाले. ज्यांच्या हाती खरी सत्ता होती, त्याच पंतप्रधान स्वतः रायबरेलीत पराभूत झाल्या. दंडवते रेल्वेमंत्री झाले, अटलजी परराष्ट्रमंत्री.

१९७७चे भारतीय मत आणि १९९७चे इराणी मत यांत हाच भेद आहे. आपल्या मताने खरी सत्ता असलेल्याला खाली खेचले. इराणी मताने सत्ता नसलेल्याला वर बसवले. भारतीय मतदार इराणी मतदाराहून शूर किंवा शहाणा होता असे मुळीच नाही. फरक होता तो किल्लीचा. आपल्याकडे दुसरी किल्ली कुणाच्या कमरेला नव्हती. आणि म्हणूनच १९९१मध्ये याच राजापूरने दंडवत्यांनाही घरी बसवले. त्यांच्या चारित्र्याला कुणी नाव ठेवले नाही, तरी बसवले. सज्जनालाही लोकांपुढे उत्तर द्यावे लागते, ही लोकशाहीतली मोठी शिकवण.

वस्त्राचा नव्हे, उत्तरदायित्वाचा प्रश्न

यावर कुणी विचारील की, धर्मगुरूने राजकारणात येऊच नये काय? जगात अनेक उदाहरणे आहेत. सायप्रसचे आर्चबिशप मकारिओस १९६०मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. हैतीत आरिस्तिद हे पाद्री १९९०मध्ये निवडून आले. पॅराग्वेत बिशप राहिलेले फर्नांदो लुगो २००८मध्ये निवडून आले आणि २०१२मध्ये संसदेने त्यांना पदच्युत केले. आपल्याकडे साध्वी उमा भारती २००३मध्ये आणि गोरक्षपीठाचे महंत योगी आदित्यनाथ २०१७मध्ये मुख्यमंत्री झाले, तेव्हा काही इंग्रजी वृत्तपत्रांनी 'भारताचे इराण होणार' असा गजर केला होता. ती तुलना उथळ होती. खातमींची अडचण त्यांचा फेटा ही नव्हतीच. निवडणुकीला उभा राहणारा, विधिमंडळाला उत्तर देणारा, न्यायालयात खेचता येणारा आणि पाच वर्षांनी घरी पाठवता येणारा मनुष्य कोणत्याही वस्त्रात असो, तो लोकांचा प्रतिनिधीच. भय असते ते ज्याला कुणीच उत्तर मागू शकत नाही, त्याचे.

मात्र हा निकष आपण दुसऱ्याला लावतो, तसा स्वतःलाही लावला पाहिजे. येथे आपल्यातल्या काहींना थोडे बोचेल असे लिहिणे भाग आहे. श्रद्धेचा विषय आला की, 'महाराजांनी सांगितले, आता चर्चा नको' असे म्हणणारे आपल्यातही आहेत. देवस्थानचा हिशेब विचारणाऱ्यावर धर्मद्रोहाचा शिक्का मारणारेही आहेत. ज्या राज्यात आपल्याला रुचणारे सरकार आहे, तेथे न्यायालयाचा किंवा वृत्तपत्रांचा लगाम नको, असे वाटणे हाही मनुष्यस्वभाव आहे. ज्यांच्या घरचे लोक आणीबाणीत तुरुंगात होते, त्यांनी तरी या मोहापासून दूर राहिले पाहिजे. लगाम सरकारसाठी असतो, विशिष्ट पक्षासाठी नव्हे. आज आपण सैल केलेला लगाम उद्या कुणाच्या हाती जाईल, हे कोण सांगणार?

आपल्या परंपरेने याचे भान ठेवले होते. १६७४मध्ये गागाभट्ट काशीहून रायगडावर आले. त्यांनी महाराजांना विधिपूर्वक अभिषेक केला, मंत्र म्हटले. पण सिंहासनावर ते बसले नाहीत, आणि महाराजांच्या आज्ञेवर अंतिम मुद्रा उमटवण्याचा अधिकारही त्यांनी मागितला नाही. धर्माचे अधिष्ठान आणि धर्मगुरूचे पालकत्व या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली राजाला मर्यादा घालते, दुसरी प्रजेला अज्ञान ठरवते.

घरची विहीर

राजापूरची गंगा आपण सारे जाणतो. उन्हाळे गावी साधारण तीन वर्षांनी ती अवचित प्रकट होते, चौदा कुंडे भरतात, पंचक्रोशीतून माणसे स्नानाला लोटतात. मग एके दिवशी ती तशीच अवचित निघून जाते. ती का आली हे सांगता येत नाही, जाऊ नको असे म्हणता येत नाही. श्रद्धेच्या प्रांतात हे योग्यच आहे. गंगा ही कृपा आहे, आणि कृपेला कारण विचारायचे नसते.

इराणच्या जनतेला स्वातंत्र्य मिळाले ते असेच. १९९७मध्ये अवचित झरा फुटला, तरुणांनी ओंजळी भरल्या आणि वरच्या कुणाच्या तरी इच्छेने तो आटला. खातमींनी पाणी गढूळ केले नाही. त्यांनी मनापासून लोकांना पाणी पाजले. परंतु झऱ्याचा उगम त्यांच्या हाती नव्हता, आणि उगमापाशी जाऊन उभे राहण्याचे धैर्य त्यांना झाले नाही. त्या दिवशी ओटीवर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे : तिकडे मत लोकांचे होते, मनुष्य भला होता आणि राज्य तिसऱ्याचेच होते.

नागरिकांचे हक्क हे कृपेवर सोडायचे नसतात. ते वापरायचे, राखायचे आणि दर पाच वर्षांनी गाळ काढून स्वच्छ करायचे असतात. निवडणुकीच्या दिवशी रांगेत उभे राहणे, आपल्या माणसालाही हिशेब विचारणे, विरोधकाच्या बोलण्याच्या अधिकारासाठी उभे राहणे ही कंटाळवाणी कामे आहेत, पण पोहरा ओढल्याखेरीज पाणी वर येत नाही. आमच्या गावात गंगा आली की, सगळे हर्षभराने दर्शनाला जातात. पण तिच्या भरवशावर कुणी घरची विहीर बुजवत नाही.